नकाराधिकार पाठ करू नको, कलम उघड

भाऊ, धुळ्याच्या अभ्यासिकेत तू नवा आहेस म्हणून आधीच सांगतो, राष्ट्रपतीच्या नकाराधिकाराचे, म्हणजे विधेयकावर सही न करण्याच्या अधिकाराचे, प्रकार घोकत बसू नको. सरळ राज्यघटनेचं कलम १११ उघड आणि राष्ट्रपतीला मुदत कुठे दिलीय ते शोध. सापडणार नाही. विधेयक परत पाठवायचं तर 'शक्य तितक्या लवकर', एवढंच. १९८६ च्या टपाल विधेयकावर तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंगांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही, ते या फटीमुळेच जमलं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला रविवार सोडून दहा दिवस मिळतात. तो गप्प बसला तर विधेयक आपोआप कायदा होतं. मात्र तेवढ्यात काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, तहकूब झाली आणि परत पाठवायची सोय उरली नाही, तर ते मरतं. नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडे साधं बहुमत पुरतं. २००६ मध्ये कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेने तसंच पुन्हा मंजूर केलं, त्यांना सही करावी लागली.

हा फरक का, तेच खरं उत्तर. तिथला राष्ट्राध्यक्ष काँग्रेसवर अवलंबून नाही. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो आणि ते मंत्रिमंडळ संसदेतूनच येतं. ब्रिटनबद्दल एक ओळ पुरे: राजसंमती, म्हणजे विधेयकाला राजा-राणीची मंजुरी, शेवटची नाकारली गेली १७०८ मध्ये.

आपल्याकडे धनविधेयक, म्हणजे कर-खर्चाचं विधेयक, परत पाठवता येत नाही, घटनादुरुस्तीवर १९७१ पासून सही बंधनकारक. हे दोन अपवाद सोडू नको. आणि मुलाखतीत खान्देशचा म्हटल्यावर प्रतिभाताई पाटलांचा विषय निघू शकतो. त्यांचा २००७ ते २०१२ चा कार्यकाळ वाचून जा.