इसार घेऊ नका भाऊ, पण कागद काढून ठेवा

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचं पत्र आलं आहे. साडेसात एकर शेती. त्यातलं दोन एकर रस्त्यालगतचं, विहिरीचं, ओलिताचं. ते खर्च जाऊन वर्षाला लाखभर रुपये देतं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, दोन वर्षं बुटीबोरीला नोकरीला आहे. येत्या ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स करायचं म्हणतो, अर्ज आता भरतोय. एजंट म्हणाला, २५ लाख तयार ठेवा. त्या दोन एकराला एक जण ३२ लाख द्यायला तयार आहे, पण इसार याच आठवड्यात घ्या म्हणतो. घरात ४ लाखांची एफडी, कपाशीच्या चुकाऱ्यातले २ लाख आणि मुलाचे अडीच लाख आहेत. धाकटी मुलगी बारावीला. भाऊ विचारतात, वावर विकू का?

भाऊ, मुलाला अजून विद्यापीठाचं पत्र आलेलं नाही आणि तुम्ही इसाराची वेळ ठरवता आहात. पत्र आलं तरी पुढे व्हिसा आहे. तो नाकारला तर फेरविचाराचा अर्ज करायची जी सोय पूर्वी होती, ती जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नव्याने अर्ज करा, नाहीतर तिथल्या कोर्टात जा. व्हिसा न मिळाल्यास मुलाच्या राहण्या-खाण्यासाठी तिकडच्या खात्यात ठेवलेले पैसे परत येतात. खरेदीखत झालेलं वावर परत येत नाही.

आधी ते २५ लाख सोलून बघू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, दर सहामाहीला काही शे युरोंचं शुल्क असतं. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला ४,००० ते ६,०००. म्हणून मुलाला पहिला प्रश्न विचारा: कोणतं राज्य, कोणतं विद्यापीठ? एजंट खाजगी कॉलेजचं नाव पुढे करत असेल तर सावध व्हा, तिथून त्याला कमिशन मिळतं. सरकारी अभ्यासक्रमांची यादी डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मुलगा घरी बसून बघू शकतो.

मोठा आकडा आहे तो ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा. सप्टेंबर २०२४ पासून तो वर्षाला ११,९०४ युरो आहे. हिशेबाला युरो १०५ रुपये धरला तर साडेबारा लाख. हा एकरकमी खर्च नाही, मुलाचंच वर्षभराचं राहणं-खाणं आहे. महिन्याला ९९२ युरो करून त्यालाच मिळतं. मात्र तिथे पोचून बँकेत खातं उघडेपर्यंत त्यातला एक युरोही हाती येत नाही, आणि खोलीचं डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागता येतं. तेव्हा पहिल्या महिन्यासाठी वेगळे १,५०० युरो, म्हणजे दीड लाखाच्या वर, बरोबर हवेत. एपीएस प्रमाणपत्र (इथली पदवी खरी असल्याची जर्मन तपासणी) १८,००० रुपये, व्हिसा ७५ युरो, तिकीट, थंडीचे कपडे. सगळं धरून पहिल्या वर्षाला १५ लाख. फी नसलेलं विद्यापीठ मिळालं तर २५ लाख पहिल्या दिवशी लागत नाहीत.

दुसऱ्या वर्षाचं थोडं धूसर आहे. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि २०२६ मध्ये किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे. महिना ६०३ युरोंपर्यंतची छोटी नोकरी मिळाली तर ९९२ मधले ३८९ युरो कमी पडतात, वर्षाचे पाच लाखांच्या आत-बाहेर. पण जर्मन येत नसेल तर पहिले सहा महिने हे काम मिळेल असं धरू नका. मुलाला आत्तापासून क्लास लावा. त्या फीइतका परतावा माझ्या धंद्यातली कोणतीच योजना देत नाही.

आता १५ लाख कुठून? शहरातले लोक सहज म्हणतात, शैक्षणिक कर्ज काढा. तुमची अडचण त्यांना कळत नाही. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक तारण मागते आणि शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असते, कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा जो सरफेसी कायदा आहे त्याच्या कलम ३१ मुळे ती तिला सहज विकता येत नाही. गावठाणातल्या घराला स्वामित्व योजनेचं मालमत्ता पत्रक झालं नसेल तर तेही चालत नाही. नातेवाइकाचा प्लॉट तारण ठेवायला कुणी सुचवेल. ती पाळी येऊ देऊ नका, हप्ता चुकला की नातं जातं. म्हणून साडेसात लाखांवरच थांबा. तिथपर्यंत बहुतेक सरकारी बँकांत तारणाशिवाय, जामीनदारावर काम होतं.

७.५ लाख कर्ज, एफडीतले ३ लाख, चुकाऱ्याचे २ आणि मुलाचे अडीच. झाले १५. एफडीतला एक लाख घरात राहू द्या, बारावीचा निकाल लागल्यावर मुलीच्या प्रवेशालाही पैसे लागणार आहेत.

साडेदहा टक्के धरले तर या कर्जाचं वर्षाचं व्याज ७८,७५० रुपये होतं. म्हणजे विकायला काढलेलं तेच वावर हे व्याज भरतं. ज्या वर्षी बोंडअळी येईल त्या वर्षी नाही भरणार, हेही धरून चाला. काहीच न भरता तीन वर्षं गेली तर कर्ज पावणेदहा लाखांच्या पुढे जाईल, दहा वर्षांचा हप्ता तेरा हजारांच्या वर. मुलाला तिकडे नोकरी लागली तर हे सव्वाशे युरोंच्या आसपास आहे. परत येऊन नागपुरात चाळीस हजारांवर लागला तर पगाराचा तिसरा हिस्सा. ही जोखीम खरी आहे, आणि ती मुलाच्या तोंडावर बोलून घ्या, वहिनींच्या समोर.

विकणं वेडेपणा आहे असंही मी म्हणत नाही. ३२ लाखांची एफडी साडेसहा टक्क्यांनी दोन लाख देते, वावर एक देतं. माझ्या मामांनीही याच हिशेबाने विकलं होतं. तीन वर्षांत त्यातून एक स्लॅब, एक लग्न आणि एक जुनी जीप झाली, एफडी काही झाली नाही.

उद्या विकायची वेळ आलीच तर दोन्ही एकर विकू नका. एकच विका, आणि विहीर ज्या तुकड्यात आहे तो ठेवा. मागच्या वावरात जायची वाट धुऱ्यावरून लिहून घ्या. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीचाही बरोबरीचा हक्क आहे, २००५ पासून; खरेदीखताआधी तिचा विचार करा. गाव दारव्हा नगरपरिषदेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. आणि रोख इसार नको: जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

पैसे लागणार जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे बी-खतात सगळं गेलेलं असताना. तेव्हा घाईत विकणाऱ्याला पडेल भाव मिळतो. म्हणून मोजणी, फेरफार, सातबाऱ्यावरचा बोजा हे सगळं उन्हाळ्यातच उरकून घ्या आणि बँकेशीही तेव्हाच बोला. पीक कर्ज वेळेत भरा. तीन लाखांपर्यंत ते बिनव्याजी पडतं, आणि थकलं तर सिबिल बिघडून मुलाचं कर्जही अडकेल. ते पैसे जर्मनीकडे वळवू नका. ओबीसी असाल तर ओबीसी महामंडळाच्या व्याज परतावा योजनेची चौकशी कर्ज उचलण्याआधी यवतमाळला जाऊन करा. घरचे पैसे बाहेर पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर कापत नाही.

गिऱ्हाइकाला सांगा, मुलाचं पत्र आलं की बोलू. तो थांबला नाही तरी रस्त्यालगतच्या ओलिताला दुसरा कुणीतरी असतोच. आणि मुलाने भरलेल्या अर्जांची यादी मला पाठवा, विद्यापीठाचं नाव आणि राज्य लिहून.