कायद्यात बदल मागायचा आहे; पैसा कुठून आणायचा?

वाचकांचे प्रश्न

जामीन, कारागृह आणि फौजदारी कायद्यातील सुधारणा यांसाठी काम करणाऱ्या लहान संस्थांनी पैसा कसा उभारावा व कसा खर्चावा, याविषयी विदर्भातून आलेल्या काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा नोंदणीकृत न्यास दारव्हा तालुक्यात पारधी बेड्यांवरच्या (वस्त्यांवरच्या) मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. मुलांचे वडील किंवा काका वारंवार यवतमाळच्या कारागृहात असतात, म्हणून आम्ही जामिनाच्या कागदपत्रांतही मदत करू लागलो. आता जामिनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी यासाठी पुस्तिका छापायची, वकिलाकडून मसुदा करून घ्यायचा आणि हिवाळी अधिवेशनात आमदारांना भेटायचे असे ठरते आहे. एका विश्वस्तांचे म्हणणे असे की हे राजकारण झाले; देणगीचा पैसा यात घातला तर नोंदणी जाईल. खरे काय? (एक विश्वस्त, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. राजकीय उद्देशाने स्थापन झालेला निधी धर्मादाय ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्वातंत्र्यपूर्व काळात लोकमान्य टिळकांच्या नावाने उभारलेल्या निधीच्या प्रकरणात म्हटले होते, आणि तेव्हापासून ‘कायदा’ हा शब्द ठरावात आला की विश्वस्त मंडळी सावध होतात. परंतु १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या आयकर प्रकरणात हा विषय बराच मोकळा केला. त्या संस्थेच्या उद्देशांत व्यापारविषयक कायद्यांना पाठिंबा देणे किंवा विरोध करणे हेही लिहिलेले होते. मुख्य उद्देश सार्वजनिक हिताचा असेल आणि कायद्याची मागणी त्या उद्देशाच्या ओघात, त्याला पूरक म्हणून येत असेल, तर तेवढ्याने संस्थेचे धर्मादाय स्वरूप नाहीसे होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनेला जे चालते ते बेड्यावरच्या मुलांच्या संस्थेला चालू नये, याला काही कारण दिसत नाही.

मात्र ‘पूरक’ या अटीकडे नीट पाहावे लागेल. आपल्या विश्वस्तपत्रात केवळ शिक्षण हाच उद्देश असेल, तर जामिनाच्या कायद्यावरचा खर्च उद्देशाबाहेरचा आहे असा आक्षेप लेखापरीक्षकही घेऊ शकतो, आणि तेवढ्यापुरते आपले सहकारी बरोबर आहेत. म्हणून आधी उद्देशांत कायदेविषयक मदत, कारागृहातील व्यक्तींच्या कुटुंबांचे पुनर्वसन आणि त्या अनुषंगाने धोरण व कायदा यांबाबत अभ्यास व निवेदन, असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असल्यास विशेष सभेत तीन-पंचमांश बहुमताने ठराव व महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत त्याला पुष्टी, हा मार्ग आहे. केवळ विश्वस्तपत्रावर चालणारा न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयात काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. उद्देश बदलल्यावर आयकर खात्याकडे तीस दिवसांच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो, ही गोष्ट बहुतेक संस्था विसरतात आणि दोन वर्षांनी नोटीस आली की धावाधाव करतात. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे जुने क्रमांक बदललेले आहेत, तेव्हा जुन्या नमुन्यावरून अर्ज उतरवून काढू नये.)

आता मागणी नेमकी कशाची करायची ते पाहू, कारण खर्च त्यावरूनच ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे, आणि इतरांना अर्धा काळ झाल्यावर सोडावे, असे आहे. तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकलेली आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे धरली तर पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाला हे एक वर्षाने लागू होते. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणाऱ्या गुन्ह्यांना हे कलम नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या प्रकरणांतील कैद्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. मेख पुढेच आहे : एकाच व्यक्तीवर एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाचा लाभ मिळत नाही. चोरी कुठेही झाली तरी आधी बेड्यावर जीप येते आणि एकाच माणसाचे नाव तीन ठाण्यांच्या कागदांत चढते, हे आपल्याला मी सांगायला नको. गरज असलेल्या माणसालाच हे कलम बाहेर ठेवते, आणि माझ्या मते आपल्या मागणीचा गाभा हाच असावा.

ही मागणी पुराव्यानिशी मांडायची तर आपल्याजवळ आहे तीच नोंदवही पुरेशी ठरू शकते, फक्त ती नीट ठेवायला हवी. अटकेची तारीख, कलमे, किती ठाण्यांत गुन्हे, जामीन मंजूर झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष सुटकेची तारीख, एवढे रकाने तरी असावेत. शेवटच्या दोन तारखांमधले अंतर विशेष बोलके असते, कारण जामीन मंजूर होऊनही जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला आणि तो स्वतः पेशीला हजर राहायला तयार होणे, या तीन गोष्टी जुळेपर्यंत माणूस आतच असतो. ज्या बेड्यावर कुणाच्याच नावाने जमीन नाही तिथे सातबारा आणायचा कुणाचा? १९७८ साली मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरिबाकडून झेपणार नाही असा जामीन मागण्यावर कडक शब्दांत टीका केली होती, आणि २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जामिनासाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करावा असे केंद्राला सुचवले. आपला मसुदा या धाग्याला जोडून घ्यावा. नोंदवहीतली नावे मात्र पुस्तिकेत छापू नयेत.

एक व्यवहाराची गोष्ट. फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया हे समवर्ती सूचीतले (केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो असे) विषय आहेत, तर कारागृहे राज्य सूचीत येतात. कलम ४७९ ची दुरुस्ती मुख्यतः दिल्लीकडे मागावी लागेल (राज्याला दुरुस्ती करता येते, पण राष्ट्रपतींची संमती लागते), म्हणून त्यासाठी आधी आपल्या खासदारांना गाठावे. डिसेंबरात नागपूरला जाऊन कारागृह नियमावलीबद्दल बोलणे अधिक फलदायी ठरेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारित कामाची विभागणी आणि विमुक्त (ब्रिटिश काळी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या) जमातींना जन्मतःच सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी रद्द केल्या आहेत, त्या निकालाची अंमलबजावणी राज्यात कुठवर आली हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या आमदाराला लक्षवेधी सूचनेतून विचारता येतो. मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवल्या जाणाऱ्या मोर्चात सामील होण्यापेक्षा, अधिवेशनाच्या महिनाभर आधी आमदारांच्या गावच्या कार्यालयात दोन पानांचे टिपण देण्याचा खर्च कमी आणि उपयोग जास्त, असे माझे स्पष्ट मत आहे. निवेदन सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडच्या सदस्यांना द्यावे व पोच घ्यावी; आपण पक्षाचे काम करत नव्हतो याचा पुढे हाच पुरावा होतो. उमेदवाराच्या प्रचाराला, सभेला किंवा त्याच्या पत्रकाला न्यासाचा एक रुपयाही जाता कामा नये, आणि निवडणुकीच्या काळात पुस्तिकेचे वाटप थांबवलेलेच बरे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे अशा कामाला मोठ्या देणग्या मिळतात असे तो म्हणतो आणि मित्रांकडून वर्गणी गोळा करून पाठवायला तयार आहे. तिथल्या संस्थांना खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत कायद्याच्या मागणीवर खर्च करता येतो, तसाच नियम आपल्याकडे आहे का? (एक वाचक, जि. वाशीम)

उत्तर : भाचे जे सांगतात ते तिथल्यापुरते खरे आहे. तिथे ५०१(सी)(३) प्रकारच्या धर्मादाय संस्थेने ठरावीक पर्याय स्वीकारला तर पहिल्या ५ लाख डॉलर खर्चावर २० टक्के, त्यापुढे उतरत्या प्रमाणात आणि एकूण १० लाख डॉलरपर्यंत लॉबिंगचा खर्च चालतो; ५०१(सी)(४) प्रकारच्या संस्थेला अशी मर्यादा नाही, पण तिच्या देणगीदाराला करसवलत मिळत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे संमत झालेल्या ‘फर्स्ट स्टेप ॲक्ट’ या शिक्षा व कारागृह सुधारणेच्या कायद्यामागे दोन्ही पक्षांकडे झुकलेल्या संस्था एकत्र आल्या होत्या. आपल्याकडे टक्केवारीची अशी पट्टी नाही. येथे संस्थेचा मुख्य उद्देश काय, हे पाहिले जाते.

पैसा पाठवण्याचा भाग मात्र नाजूक आहे. भाच्यांकडे आजही भारतीय पासपोर्ट असेल आणि ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, किंवा ते परदेशी मित्रांकडून अथवा तिथल्या संस्थेकडून जमवलेला पैसा पाठवणार असतील, तर ती परदेशी देणगी होते, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेताच येत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून ती वळती करून घेण्याची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. नोंदणीसाठी साधारणतः तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च दाखवावा लागतो. बंद, रास्ता रोको अशा मार्गांनी लोकांच्या प्रश्नांना पाठिंबा देणारी संस्था, सक्रिय राजकारणाशी संबंध नसेल तर, केवळ तेवढ्यावरून राजकीय ठरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे. तरीही फौजदारी कायद्यातल्या बदलाची मागणी परदेशी पैशावर उभी करू नये, असाच सल्ला मी देईन. मागणी कितीही रास्त असली तरी सभागृहात चर्चा पैशाच्या उगमावरच अडकते.

प्रश्न : मी कापसाचा व्यापारी आहे. शाळेच्या खोलीला पैसे दिले तर खोली दिसते. कायद्याच्या मागणीला दिलेल्या पैशाचे काय दिसणार? (जि. वर्धा)

उत्तर : बरीच वर्षे काहीच दिसणार नाही, हे आधीच मान्य करून देणगी द्यावी. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे होत राहिली, मसुदे बदलत गेले, आणि तो डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात संमत झाला तेव्हा डॉ. नरेंद्र दाभोलकर हयात नव्हते. अलीकडे जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीने सूचना मागवल्या तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. अशा वेळी ज्यांच्याजवळ तयार टिपण आणि आकडे असतात त्यांचे म्हणणे निदान वाचले जाते. आपण संस्थेला विचारावे ते असे : नोंदवही आहे का, वर्षभरात कोणत्या समितीला वा सदस्याला काय दिले, त्याची पोच कुठे आहे, आणि हिशेबात ‘अभ्यास व निवेदन’ असे स्वतंत्र शीर्षक आहे का. देणगी चेकने किंवा बँकेतून द्यावी, कारण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर आयकरातली (जुन्या कायद्यातील कलम ८०-जी ची) वजावट मिळत नाही. आपण नवी करप्रणाली निवडली असेल तर ती तशीही मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या सिमेंट कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी या कामाला मिळेल का? (कोरपना, जि. चंद्रपूर)

उत्तर : कायद्याच्या मागणीसाठी मिळणे अवघड आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेल्या विषयांवरच हा निधी खर्च होतो आणि कायद्यातील सुधारणा हा विषय तिच्यात नाही. परंतु सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांवरील विषमता कमी करणे हा विषय तिच्यात आहे, त्यामुळे कैद्यांच्या मुलांचे वसतिगृह किंवा कायदा-साक्षरता शिबिरे यांसाठी प्रस्ताव देता येईल. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागेल. मिळालेला निधी दुसऱ्या शीर्षकाकडे वळवू नये. जामिनाची रक्कम भरण्यासाठी पैसा हवा असेल, तर २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवलेली होती. तिची विचारणा कारागृहात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी करावी.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. अशा संस्थेसाठी गावातून वर्गणी गोळा केली तर चालेल का? (जि. अमरावती)

उत्तर : स्वतःच्या पगारातून नोंदणीकृत संस्थेला देणगी द्यायला हरकत नाही. दुसऱ्यांकडून वर्गणी गोळा करणे मात्र वर्तणूक नियमांच्या कक्षेत येते, म्हणून लेखी पूर्वपरवानगीशिवाय पावतीपुस्तक हाती घेऊ नये, आणि शासनाच्या धोरणावर टीका करणाऱ्या निवेदनावर पदनामासह सही करू नये. वर्गणीचे काम गावातल्या एखाद्या निवृत्त गृहस्थांकडे सोपवावे. प्रत्येक पावतीवर देणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता लिहून घ्यायला त्यांना आवर्जून सांगावे, कारण निनावी रकमा मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर संस्थेला ३० टक्के दराने कर भरावा लागतो.