'काहून' उद्धट आहे का?

एका ताईंनी विचारलं आहे: "लग्न होऊन पुण्याहून नागपूरला, महाल भागात आले. शेजारच्या काकू फाटकातूनच विचारतात, 'काहून वो, आज ऑफिसले नाई गेली?' मला जाब विचारल्यासारखं वाटतं. 'काहून' उद्धट आहे का?"

ताई, मुळीच नाही. 'काहून' म्हणजे 'का'. पोराचा चेहरा उतरलेला दिसला की आमच्याकडे आई जवळ घेऊन म्हणते, 'काहून बापा, काय झालं?' यापेक्षा मायेचा प्रश्न मला माहीत नाही.

रूपाकडे पाहा. 'घराहून', 'तिकडून' तसंच 'काहून'. पंचमीचा प्रत्यय, म्हणून रोख मागे, कारणाकडे. त्याच्या शेजारचा शब्द 'कायले'. 'मले', 'तुले' यांतला 'ले' म्हणजे प्रमाण मराठीतला 'ला'. म्हणजे 'कायले' आणि 'कशाला' ही सख्खी भावंडं, आणि नागपुरी हिंदीतलं 'कायको'ही त्याच साच्यातलं. यांचा रोख पुढे, हेतूकडे.

बोचतं ते इथं. 'काहून आली?' यात नुसती चौकशी. 'कायले आली?' यात मात्र यायची गरज नव्हती, असं ऐकू येतं. पण पाहुण्यानं पिशवीभर संत्री आणली आणि यजमानीण म्हणाली, 'कायले आणलं जी एवढं?', तर पाहुणा सुखावतो. गरज नाकारली ती त्याच्या येण्याची नव्हे, त्यानं केलेल्या खर्चाची.

आता काकूंचं वाक्य. 'गेली नाहीस का?' ही विचारपूस. 'का गेली नाहीस?' यात जायलाच हवं होतं हे गृहीत. तुमच्या कानानं दुसरं ऐकलं, कारण प्रश्नशब्द आधी आला. काकू मात्र 'काहून वो'नंतर थांबतात. तो स्वल्पविराम फार महत्त्वाचा आहे. तिथं 'काहून वो' म्हणजे तुमच्याकडचं 'काय गं': हाक. प्रश्न त्यानंतरचा, तोही सुट्टी आहे की बरं नाही एवढाच. न थांबता सलग 'काहून नाई गेली?' म्हणाल्या असत्या, तर तुमचं वाटणं मी खरं मानलं असतं.

उद्या त्यांनी हाक मारली की 'आज सुट्टी हाय, काकू' म्हणून बघा. कारणांची यादी त्यांनी मागितलेलीच नाही.