कुलूप खेळात असावं, दाराला नसावं : एस्केप रूमबद्दल प्रश्नोत्तरे

मार्चअखेर आली, की उरलेलं बजेट संपवायला कंपन्यांना टीम बिल्डिंगची आठवण होते आणि एस्केप रूमबद्दल, म्हणजे खोलीत कोंडून घेऊन कोडी सोडवत ठरल्या वेळात बाहेर पडायच्या खेळाबद्दल, माझ्याकडे तेच ते प्रश्न नव्याने येतात. मी अग्निसुरक्षेच्या कामातली. कार्यक्रमाआधी कंपन्यांसाठी जागा तपासून देते. थीम कुठली, केक कुठून, हे मला विचारू नका. बाकीचं विचारा, पण कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी नको.

आम्ही ३८ जण आहोत. व्हेंडर म्हणतो, एका रूममध्ये दहा जण सहज मावतात, चार रूम पुरे. बरोबर आहे का? (हिंजवडी)

मावतात. खेळत नाहीत. साठ मिनिटांच्या रूममध्ये चार-पाच डोकी कामात असतात, सहावा हातात टॉर्च धरून उभा राहतो आणि सातव्यापासून पुढचे भिंतीला टेकून जेवणात काय असेल याचा विचार करतात. व्हेंडरचं गणित सरळ आहे : रूम एक, गेम मास्टर (बाहेर पडद्यावर बघून क्लू देणारा) एक, पैसे माणशी दहांचे. तुम्ही चारच रूम घ्या, पण दोन पाळ्यांत. पहिली पाळी वीस जणांची, दुसरी अठरांची, आणि एक पाळी खेळत असताना दुसरी जेवते. शिवाय हे विचारा : चारही रूम एकाच वेळी सुरू होतात का, आणि प्रत्येक रूमच्या कॅमेऱ्यापुढे वेगळा माणूस बसतो का? एकच पोरगा चार पडदे बघत असेल, तर क्लू उशिरा मिळेल हे सोडाच, आत कुणाला भोवळ आली तरी त्याला दिसायचं नाही.

आमच्या साहेबांना कुठल्या गटात टाकावं? (पुणे)

ज्या गटात त्यांच्या थेट हाताखालचा कुणी नाही, त्या.

एक रूम म्हणते, ‘आमच्याकडून फक्त १५ टक्के लोक सुटतात.’ दुसरीचा सक्सेस रेट ६० टक्के. चांगली कुठली? (ठाणे)

हे आकडे कुणी तपासत नाही. शिवाय अवघड आणि अर्धवट बनवलेली, या दोन्ही रूममधून लोक सुटत नाहीत. तुमच्यातले दोघं आधी जाऊन खेळून या.

दाराला मॅग्नेट लॉक आहे. ‘लाइट गेली की दार आपोआप उघडतं, काळजी नको,’ असं मालक सांगतात. आमच्या मॅनेजमेंटला एवढं पुरेसं वाटतं. तुम्हाला? (सातपूर, नाशिक)

नाही वाटत. आणि या प्रश्नाला उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

मालकांचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं आहे. मॅग्नेट लॉकला दार धरून ठेवायला वीज लागते, वीज तुटली की पकड सुटते. इथवर बरोबर. पण आपल्याकडे लाइट जाते म्हणून प्रत्येक धंद्यात इन्व्हर्टर असतो. गेमचे दिवे, कॅमेरे, स्क्रीन आणि तो लॉक, सगळं त्याच इन्व्हर्टरवर. बाहेर अख्ख्या गल्लीत अंधार झाला तरी लॉक आपला दार धरून बसलेला. आणि आग लागली की वीज लगेच जाते, हे तरी कुणी सांगितलं? त्यात भर म्हणजे बाजारात उलट्या जातीची इलेक्ट्रिक कुलपंही मिळतात, जी वीज गेल्यावर बंदच राहतात. विकणारा दोन्हींना ‘मॅग्नेटिक’च म्हणतो.

म्हणून दोन गोष्टी लागतात. एक, आतल्या बाजूला, अंधारातही सापडेल असं बटण, जे लॉकची वीज थेट तोडेल. ‘थेट’ या शब्दावर माझा जोर आहे. बऱ्याच ठिकाणी ते बटण गेमच्या कंट्रोलरला निरोप पाठवतं आणि मग तो कंट्रोलर दार उघडतो. कंट्रोलर अडकला की निरोप तिथेच. दोन, फायर अलार्म वाजला की सगळे लॉक एकदम सुटले पाहिजेत, कुणी काही न दाबता.

एका ठिकाणी मी असं हिरवं बटण दाबलं. दिवा लागला, दार हललं नाही. गेम मास्टर धावत आला आणि म्हणाला, “मॅडम, वायरिंग व्हायचंय त्याचं, सध्या शोसाठी आहे.” वर्षभर लोक तिथे खेळत होते.

मी उगाच घाबरवते असं वाटत असेल, तर पोलंडमधल्या कोशालिनचं उदाहरण घ्या. ४ जानेवारी २०१९. पंधरा वर्षांच्या पाच मुली एकीचा वाढदिवस साजरा करायला एस्केप रूममध्ये गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत गॅस हीटरमुळे आग लागली, बाहेर पडायची वाट तिथूनच होती, आणि मुली होत्या त्या खोलीच्या दाराला आतून कडी-हँडल काही नव्हतं. पाचही जणी कार्बन मोनॉक्साइडने गेल्या. त्यानंतर त्या सरकारने देशभरातल्या एस्केप रूम तपासल्या आणि कितीतरी बंद केल्या. आगीच्या ज्वाळा माणसापर्यंत पोचायच्या आधी धूर पोचतो. आपल्याकडच्या रूम प्लायवूड, थर्माकोल, फ्लेक्स आणि आवाज दाबायला लावलेल्या फोमने सजवलेल्या असतात. तो फोम पेटला की तुमच्या हातात मिनिटंही फार नसतात.

बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, हे राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट आहे. चांगले मालक तर मुख्य दाराला कुलूपच लावत नाहीत. खेळ पेट्यांच्या कुलपांत असतो, आतल्या कप्प्यांत असतो, घड्याळात असतो. दार नुसतं लोटलेलं असतं आणि मजेत काडीचाही फरक पडत नाही.

जाऊन काय करायचं? इन्व्हर्टर चालू ठेवून मेन बंद करायला सांगा. मग बटण दाबा. मग अलार्मची चाचणी करायला लावा. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का बघा, आणि त्यापुढच्या बोळात खुर्च्या-खोकी रचलेली नाहीत ना, तेही. ‘आज टेक्निशियन नाही’ असं उत्तर आलं, तर ती जागा बाद. खेळाची सुरुवात हातकड्या घालून होत असेल, तर तो भाग काढायला सांगा. आणि हे सगळं स्वतः करून समाधान मानू नका. तुमच्या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर आहे ना, त्याला बरोबर न्या. मॅनेजमेंटला काय वाटतं, हे त्याच्या सहीनंतर विचारा.

फायर एनओसी (अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र) विचारली, तर ‘अप्लाय केलंय, येईल’ असं सांगतात. कार्यक्रम शुक्रवारी आहे. काय करावं? (कल्याणीनगर)

शुक्रवारी बोलिंगला जा.

राजकोटला २५ मे २०२४ला गेम झोन जळाला, २५हून अधिक माणसं गेली. त्या जागेकडेही एनओसी नव्हती आणि धंदा मात्र जोरात सुरू होता. ‘अप्लाय केलंय’ म्हणजे आज नाही. आणि नुसती जुनी एनओसी दाखवली तरी थांबू नका. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. चालू सहामाहीचा मागा. मॉलमधल्या रूम ‘मॉलचं आहे ना’ म्हणतात. मॉलचा कागद मॉलच्या यंत्रणेचा. आत प्लायवूडच्या भिंती घालून एका गाळ्याचे पाच अंधारे बोळ केलेत, ते त्या कागदात आहे का? शंका असेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागात विचारा. आणि कृपा करून महिनाभर आधी विचारा. आगाऊ पैसे भरल्यावर सगळ्यांनाच कागद बरोबर दिसायला लागतात.

हॉरर थीम घ्यावी का? पोरं मागे लागलीत. (ऐरोली)

ऑफिसच्या पैशाने नको. अंधारात अनोळखी नट अंगावर येतो, कधी हात धरतो. ऑफिसने नेलेली जागा, तिथवर नेणारी बससुद्धा, लैंगिक छळविरोधी २०१३च्या कायद्यात ‘कामाच्या ठिकाणी’च मोडते. पोरांना आपापल्या खर्चाने शनिवारी जाऊ दे. घ्यायचीच असेल तर या कायद्याखाली तक्रारी बघणाऱ्या तुमच्या अंतर्गत समितीशी आधी बोला, आणि ‘स्पर्श नाही’ हे व्हेंडरकडून लेखी घ्या.

व्हेंडर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवरून प्रत्येकाचा ‘लीडरशिप रिपोर्ट’ देतो, माणशी ३०० जादा. अप्रेझलला उपयोगी पडेल, असं आमचे बिझनेस हेड म्हणतात. (पुणे)

तीनशे रुपयांत माणसाची पारख होत असती, तर इंटरव्ह्यूला चहा-बिस्किटं कशाला दिली असती? तासभर कुलपाशी झटापट केली, यावरून कुणाचं प्रमोशन ठरवू नये. आपल्याला जोखताहेत हे कळलं की लोक खेळत नाहीत, दाखवतात. शिवाय ते रेकॉर्डिंग कुणाकडे राहतं, किती दिवस राहतं? २०२३चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा पुढे ठेवून तुमच्या लीगलला विचारा.

सगळ्यांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा फॉर्म भरून घेतात. मग कंपनी मोकळी ना? (ठाणे)

नाही. नेलं तुम्ही. नेमकं किती अडकता, ते वकील सांगेल.

टीममधल्या एकीला बंद जागेची भीती वाटते. मॅनेजर म्हणतो, सगळे सोबत आहेत, भीती मोडेल. ती गरोदरही आहे. (नवी मुंबई)

मॅनेजर डॉक्टर आहे का? नसेल तर त्याने गप्प बसावं. तिच्या डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तरी तिची इच्छा असेल तरच. हेच फिट येणाऱ्यांना, दम्याच्या लोकांना, हृदयविकार असलेल्यांना लागू. काही रूममध्ये लुकलुकणारे दिवे आणि कृत्रिम धूर असतो, बुकिंग करताना ते विचारून सगळ्यांना आधीच कळवा. आणि ‘कारण काय’ असं चारचौघांत विचारू नका. न येण्याची सोय मुकाट्याने मिळाली पाहिजे. बाहेर कॅमेऱ्यापुढे बसून क्लू देण्याचं काम अशा व्यक्तीला दिलं तर ती खेळात राहते, आणि बहुतेक मालक ते करू देतात.

आधी बिअर चालेल का? (वाकड)

नंतर.

आमच्या गावात एस्केप रूम नाही. २२ जणांना बसने पुण्याला न्यावं का? (सांगली)

साठ मिनिटांच्या खेळासाठी दोन वेळचा घाट? कुलपांच्या पेट्या घेऊन ऑफिसमध्ये येणारे लोक मिळतात. टेबलावर पेटी, भोवती पाच जण. खेळ तोच. तुमची कॉन्फरन्स रूम घ्या, दारं सताड उघडी ठेवा. हॉल भाड्याचा असेल तर मात्र वरचं नाशिकचं उत्तर पुन्हा वाचा, आणि बुकिंगआधी मालकाला फॉर्म बी मागा.