डेव्हिड गुडिस हॉलिवूडमध्ये टिकला नाही म्हणून घरी परतला का?

तुमचा प्रश्न असा की, ‘डार्क पॅसेज’सारखं यश पदरात असताना हा अमेरिकन गुन्हेकथाकार हॉलिवूड सोडून आईवडिलांच्या घरी का गेला, तिथे त्याची डाळ शिजली नाही म्हणूनच ना?

पटकथाकार म्हणून नाहीच शिजली. १९४६ साली त्याची ‘डार्क पॅसेज’ ही कादंबरी ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात क्रमशः आली आणि वॉर्नर ब्रदर्सने त्याला करारावर घेतलं. पुढच्या वर्षी तिच्यावरचा हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल या तारे-जोडीचा सिनेमा झळकला, पण पटकथा लिहिली दिग्दर्शक डेल्मर डेव्ह्जने! गुडिसच्या वाट्याला ‘द अनफेथफुल’ या दुसऱ्या सिनेमाचं सहलेखन आलं. १९५० मध्ये तो फिलाडेल्फियाला परतला. घरी आईवडील होते, आणि स्किझोफ्रेनिया असलेला धाकटा भाऊ.

पण याला हार म्हणायला मी तयार नाही. माझ्या मते खरा गुडिस इथून पुढचा. गोल्ड मेडलसारखे प्रकाशक तेव्हा थेट पेपरबॅकमध्येच कादंबऱ्या काढत. समीक्षक त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत, वाचक मात्र तुटून पडत. ‘कॅसिडीज गर्ल’ (१९५१) अशीच धडाक्यात खपली. या पुस्तकांत बहुतेक वेळा हुशार डिटेक्टिव्ह नसतो. असतो तो वरून खाली आलेला आणि पुन्हा वर चढायची इच्छाच न उरलेला माणूस. ‘डाउन देअर’चा (१९५६) एडी एकेकाळी कार्नेगी हॉलमध्ये वाजवलेला पियानोवादक; आता फिलाडेल्फियातल्या एका कळकट बारमध्ये वाजवतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. भाऊ संकट घेऊन दारात येतो, तेव्हा त्याची ही अलिप्तता कशी एकेक टाका उसवत जाते, ते वाचाच. फ्रेंचांना हा लेखक आधी कळला. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने १९६० मध्ये याच कादंबरीवर सिनेमा केला.

शेवटची वर्षं मात्र कडू गेली. ‘द फ्युजिटिव्ह’ ही टीव्ही मालिका ‘डार्क पॅसेज’वरून उचलली, असा दावा त्याने १९६५ मध्ये लावला. साप्ताहिकात कॉपीराइटची सूचना लेखकाच्या नावाची नव्हती, म्हणून कादंबरीवर त्याचा हक्कच उरला नाही, हा प्रतिवादींचा एक मुद्दा. १९७० मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. अमेरिकेतल्या लेखकांच्या दृष्टीने मोठा निकाल, पण गुडिस जानेवारी १९६७ मध्येच गेला होता, वयाच्या ४९व्या वर्षी.

सुरुवात ‘डाउन देअर’नेच करा. मग ‘द बर्गलर’. तिच्यावरच्या १९५७च्या सिनेमाची पटकथा त्याने स्वतः लिहिली आहे, तेव्हा पटकथाकार गुडिस पाहायचा असेल तर तो तिथे पाहा.