दुधाविना चियाचे पुडिंग : नाजूक पोटासाठी

प्रश्न : माझे वय ५२ आहे. गेल्या दोन-तीन वर्षांपासून दूध प्यायले की तासा-दोन तासांत पोट गुबारते, गुरगुरते आणि कधी कधी शौचालाही पळावे लागते. दही मात्र थोडे चालते. मुलीच्या सांगण्यावरून मी बाजारातील बदामाच्या दुधात तीन मोठे चमचे चिया भिजवून पुडिंग केले आणि पंधरा-वीस मिनिटांतच खाल्ले. वर एक पूर्ण पिकलेले केळे आणि चार खजूरही घातले होते. त्यानंतर दिवसभर पोट दगडासारखे जड राहिले. माझ्या पोटाला चिया सोसतच नाही असे समजावे का? की करण्याची काही वेगळी, सोपी पद्धत आहे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून चियाला घराबाहेर काढू नका. आपल्या पत्रात जे प्रमाण, जो वेळ आणि जी फळे लिहिली आहेत, ती पाहता एखाद्या धडधाकट पोटानेही कुरकुर केली असती.

आधी दुधाविषयी. दुधातील लॅक्टोज नावाची साखर पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे पाचकद्रव्य लागते आणि पुष्कळ माणसांत ते बालपणानंतर हळूहळू कमी होत जाते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथील जिवाणू ते आंबवतात. त्यातून वायू होतो आणि आतड्यात पाणी ओढले जाते. पोट गुरगुरणे आणि पातळ होणे ही त्याचीच लक्षणे. विरजणातील जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते, म्हणून दही अनेकांना चालते. आपली लक्षणे या वर्णनाशी जुळतात, तरी निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा पोटदुखीने रात्री झोपमोड होत असेल, तर कोणतीही पाककृती करून पाहण्याआधी त्यांच्याकडे जावे.

आता चिया. १०० ग्रॅम चियामध्ये सुमारे ३४ ग्रॅम तंतू असतात. तीन मोठे चमचे म्हणजे साधारण ३६ ग्रॅम बिया, अर्थात १२ ग्रॅम तंतू. दिवसभरात लागणाऱ्या तंतूंपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा आपण सवय नसताना एका वाटीत घेतलात. त्यातच त्या बिया पुरत्या भिजलेल्या नव्हत्या. चियाची बी आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी धरून ठेवते आणि हे पाणी तिला वाटीत मिळाले नाही, तर ती पोटात गेल्यावर ओढून घेते. चियाने फुगायचे ते वाटीत, पोटात नाही, एवढे एक पथ्य सांभाळले तरी निम्मी तक्रार दूर होते. कोरड्या बिया चमच्याने तोंडात टाकून वर पाणी पिण्याचा प्रकार तर कोणीच करू नये. अमेरिकेत एका माणसाने असेच केल्यावर त्या बिया अन्ननलिकेत फुगून अडकल्या आणि तो अडथळा डॉक्टरांना दूर करावा लागला, अशी २०१४ सालची नोंद आहे.

केळे आणि खजूर ही दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने नाजूक आतड्यांसाठी जी ‘लो फॉडमॅप’ आहारपद्धती विकसित केली, तिच्यात आतड्यात आंबून वायू करणाऱ्या शर्करांचे प्रमाण पाहिले जाते. त्या हिशेबात दोन मोठे चमचे चिया चालतो. पूर्ण पिकलेले केळे आणि खजूर मात्र जड गटात मोडतात. म्हणजे ज्या चियावर आपण ठपका ठेवलात, त्यापेक्षा वर घातलेल्या फळांचा दोष अधिक असण्याची शक्यता आहे. बाजारातील बदामाच्या दुधाच्या खोक्यावर घटकांची यादी एकदा वाचून पाहावी. ‘इन्युलिन’ किंवा ‘चिकोरी’चे तंतू असे त्यात लिहिलेले असेल, तर तो पदार्थही वायू करणारा आहे.

मी सुचवते ती पद्धत नारळाच्या पातळ दुधाची आहे. आपल्याकडे अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून त्यांचे लाडू किंवा खीर करतात, त्यामुळे फुगणारी बी आणि नारळ ही जोडी आपल्या स्वयंपाकघराला नवी नाही. ताज्या नारळाचा अर्धी वाटी चव घ्यावा, त्यात पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून फिरवावे आणि स्वच्छ पंचाच्या तुकड्यातून पिळून काढावे. हे पहिले दाट दूध बाजूला ठेवून त्याची सोलकढी किंवा आमटी करावी. उरलेल्या चोथ्यात पुन्हा तेवढेच कोमट पाणी घालून फिरवावे व पिळावे. हे दुसरे, ताकासारखे पातळ दूध आपल्या पुडिंगसाठी घ्यावे. दाट दुधात स्निग्धांश बराच असतो आणि स्निग्ध अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळते, म्हणून नाजूक पोटाला ते जड वाटते. अनेक पाककृतींत डब्यातील दाट नारळाचे दूध जसेच्या तसे ओतायला सांगतात. चवीला ते उत्तम लागते, पण आपल्यासाठी मला ते मुळीच पसंत नाही. डब्यातीलच वापरायचे झाल्यास एक भाग दुधात तीन भाग पाणी मिसळावे.

माप लक्षात ठेवायला सोपे आहे. एक चमचा बिया असतील, तर त्याच चमच्याने आठ चमचे द्रव. पहिला आठवडा चहाचा एकच सपाट चमचा बिया घ्याव्यात आणि त्यात त्याच चमच्याने आठ चमचे नारळाचे पातळ दूध घालावे. वाटी लहानशीच भरेल, पण सुरुवातीला ती तेवढीच असावी. चिमूटभर वेलचीपूड आणि अर्धा चमचा बारीक चिरलेला गूळ घालून काट्याने नीट ढवळावे आणि वाटी दहा मिनिटे तशीच ठेवावी. या दहा मिनिटांनंतरचे दुसरे ढवळणे कधीही टाळू नये. बिया एव्हाना तळाशी बसलेल्या असतात आणि भिजलेल्या साबुदाण्यासारख्या एकमेकींना चिकटू लागलेल्या असतात. त्या वेळी काट्याने तळ खरवडून गाठी मोडल्या नाहीत, तर सकाळी वर पाणी आणि खाली आतून कोरडा राहिलेला गोळा मिळतो, आणि पोटाला त्रास देतो तो हाच गोळा. दुसऱ्यांदा ढवळून झाले की वाटीवर झाकण ठेवून ती रात्रभर, निदान सात-आठ तास, फ्रीजमध्ये ठेवावी.

सकाळी वाटी तिरकी करून पाहावी. पुडिंग एकदम वाहून न जाता सावकाश सरकले पाहिजे, म्हणजे पळीवाढे झाले पाहिजे. चमच्यावर घेऊन उजेडात धरल्यास प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक कडे दिसते आणि दाणा दाताखाली कोरडा लागत नाही. फार घट्ट वाटल्यास दोन चमचे कोमट पाणी घालून ढवळावे. दाण्यांचाच त्रास होत असेल, तर भिजलेले पुडिंग मिक्सरमधून फिरवून घ्यावे. ते खिरीसारखे मऊ होते. फ्रीजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवून मगच खावे, कारण थंडगार अन्नाने अनेकांच्या पोटात कळ येते. ताज्या नारळाचे दूध लवकर आंबते, म्हणून हे पुडिंग दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नये.

वरून पपईच्या चार फोडी किंवा सोललेल्या संत्र्याच्या पाकळ्या पुरेत. आंबा आणि मध काही दिवस दूर ठेवावेत. दोन्हींतील फळशर्करा संवेदनशील आतड्यांना त्रास देऊ शकते. आठवडाभर त्रास झाला नाही तर दोन चमचे, पुढच्या आठवड्यात तीन, म्हणजे एक मोठा चमचा, असे सावकाश वाढवावे. मोठ्या एका चमच्यापुढे जाण्याची मला तरी गरज वाटत नाही. दिवसभर पाणी नेहमीपेक्षा थोडे अधिक प्यावे, अन्यथा याच तंतूंनी मलावरोध होतो. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, अथवा गिळताना घास अडकत असेल, तर चिया सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : आमच्या घरी सब्जा नेहमी असतो. तो चियाऐवजी वापरला तर चालेल का? की दोन्ही एकच आहेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही एक नाहीत, मात्र एकाच कुळातील आहेत, आणि ते कूळ म्हणजे आपल्या तुळशीचे. सब्जा तुळशीच्याच एका जातीचे बी आहे, तर चिया मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमाला या भागातला. अॅझ्टेक लोक तो धान्यासारखा पिकवत असत. अलीकडे भारतातही त्याची लागवड होते. सब्जाचा दाणा एकसारखा काळा असतो, चियाच्या दाण्यावर करड्या-पांढऱ्या रंगाची नक्षी असते. सब्जा पाण्यात पडल्यावर काही मिनिटांत टपोरा फुगतो, पण त्याचे दाणे सुटे राहतात आणि पुडिंग चियासारखे एकजीव लागत नाही. म्हणून सब्जा सरबतातच चांगला. पुडिंगमध्ये घालायचाच असेल, तर बियांच्या निम्म्या भागापुरता घालावा आणि तोही पूर्ण फुगवूनच.

प्रश्न : दूध बंद केल्यापासून मी रोज चियाचे पुडिंग खाते. त्यात कॅल्शियम भरपूर असते असे वाचले. मग वेगळी काळजी नको ना?
— एक वाचक भगिनी, पणजी

उत्तर : काळजी हवी. १०० ग्रॅम चियात सुमारे ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरे, पण १०० ग्रॅम चिया कोणीही खात नाही आणि खाऊही नये. एका मोठ्या चमच्यात जेमतेम ७५ मिलिग्रॅम येते, तर पेलाभर गाईच्या दुधात २८० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नारळाच्या दुधातून कॅल्शियम जवळजवळ मिळतच नाही, म्हणजे पुडिंगमुळे दुधाची जागा भरली असे मानणे हाडांच्या दृष्टीने महागात पडेल. सोसत असेल तेवढे दही किंवा ताक रोज ठेवावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी किंवा आंबील घ्यावी, भाजीवर तिळाचे कूट घालावे आणि मासे खात असाल तर काट्यासकट चावून खाता येतील असे लहान मासे घ्यावेत. रजोनिवृत्ती झालेली असल्यास पुढच्या तपासणीच्या वेळी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व या दोन्हींविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.