जानेवारीत आलेला कृष्णेचा पूर

प्रश्न : ताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, राहणार सांगली. २००४ साली पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. तेव्हापासूनचे सुमारे २७ हजार फोटो साठलेत. काही सीडींवर, काही जुन्या कॉम्प्युटरवर पिकासात (गूगलचं जुनं फोटोंचं सॉफ्टवेअर), काही हार्डडिस्कवर, उरलेले मोबाइलमध्ये. एकच फोटो तीन-तीन ठिकाणी. कॅमेऱ्याचे सेल बदलले की तारीख १ जानेवारी २००४ वर जायची, त्यामुळे २००५ चा पूरसुद्धा जानेवारीतला दिसतो. पुराच्या दिवसांत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन पाण्याची पातळी डायरीत टिपायची आणि फोटो काढायचे, ही माझी जुनी खोड. २०१९ ला कागदी अल्बम भिजून गेले, म्हणून आता काही उडवायला हात धजत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, सगळं गूगलवर टाका आणि मोकळे व्हा.’ दोन संध्याकाळी बसून जेमतेम ४० फोटो डिलीट झाले. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, दोन संध्याकाळी ४० हा आकडा वाचून मला हसू आलं, कारण तो ओळखीचा आहे. कोल्हापुरात स्टुडिओत मी १९ वर्षं लग्नाचे अल्बम लावले. साडेतीन हजार फोटोंचा पेनड्राइव्ह घरी द्यायचा, ‘तीनशे निवडून आणा’ म्हणायचं, आणि माणसं सहा महिन्यांनी यायची. काहींचं तर बाळाचं बारसं झालं तरी लग्नाचं सिलेक्शन झालेलं नसायचं. ते फोटो निवडत नसत, बघत बसत. तुम्हीही तेच केलंत.

मुलाच्या सल्ल्याबद्दल एवढंच, की १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये नवे फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात. तुमचे २७ हजार त्यात मावणार नाहीत. शिवाय पसारा गूगलवर नेला तरी तो पसाराच.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मी डिजिकॅम वापरते. फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि मुख्य म्हणजे तुमचे फोल्डर जिथल्या तिथे ठेवतं. सुरुवातीलाच सेटिंगमध्ये जाऊन ‘माहिती फोटोच्या फाइलमध्येही लिहावी’ हा पर्याय चालू करा. उद्या डिजिकॅम बंद पडलं तरी तुम्ही लिहिलेली नावं फोटोबरोबर राहतील. हे सांगते कारण पिकासानं आपल्याला हा धडा दिलाय. गूगलनं २०१६ च्या मार्चमध्ये ते बंद केलं. तुम्ही त्यात फोटोखाली ओळी लिहिल्या असतील तर त्या जेपीजी फाइलमध्ये आहेत, काळजी नको. पण कातरलेले, उजळलेले फोटो ‘सेव्ह’ केले नसतील तर ती कारागिरी फक्त पिकासालाच दिसते. तो कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी सेव्ह करून घ्या. सेव्ह केल्यावर मूळ फोटो ‘पिकासा ओरिजिनल्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात, आणि पुढे डुप्लिकेट शोधताना हेच जोडीदार भुतासारखे वर येतात. घाबरू नका, ते कुठून आले ते आता तुम्हाला माहीत आहे.

सीडी मात्र आज-उद्याच उतरवा. एका ड्राइव्हमध्ये वाचली नाही तर दुसऱ्यात घालून बघा, पुष्कळदा चालते.

सगळं एका हार्डडिस्कवर आलं की तिची एक प्रत करून बाजूला ठेवा, आणि मगच उडवाउडवीला लागा. तुमचं घर पुराच्या पट्ट्यात आहे, तेव्हा ती प्रत सांगलीत नको. मुलगा पुण्या-मुंबईला असेल तर त्याच्या कपाटात ठेवा.

आता डुप्लिकेट. यात मी स्वतः पोळलेय, म्हणून जरा सविस्तर. अगदी तंतोतंत सारख्या फाइली कोणतंही सॉफ्टवेअर शोधतं. पण कॅमेऱ्यातला मूळ फोटो आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली त्याची आवृत्ती या फाइल म्हणून वेगळ्या असतात. व्हॉट्सअॅप फोटो बारीक करतं आणि आतली कॅमेऱ्याची तारीखही पुसतं. अशा जोड्या पकडायला डिजिकॅम प्रत्येक फोटोचा जणू अंगठा घेऊन ठेवतं आणि किती टक्के जुळतं ते बघतं. माझ्या भाचीच्या बारशाचे मूळ फोटो मी जुन्या कार्डावरून बऱ्याच उशिरा कॉपी केले होते, त्यामुळे त्या फाइलींना नवी तारीख लागली. व्हॉट्सअॅपवाले आधीपासून पडून होते. मी शहाणपणानं एका दुसऱ्या सॉफ्टवेअरला सांगितलं, ‘जुनी फाइल ठेव, नवी काढ.’ त्यानं इमानेइतबारे बारीक फोटो ठेवले आणि मूळ काढले. भिंतीसाठी १२ बाय १८ ची प्रिंट काढायला गेले तेव्हा कळलं. बाळाचं नाक म्हणजे चार चौकोन! तेव्हा तारीख बघू नका, आकार बघा. ज्याचे पिक्सेल जास्त तो ठेवायचा.

तारखा. डिजिकॅममध्ये वेळ पुढे-मागे सरकवायची सोय आहे. सेल बदलल्यावर तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीच्या जागेवरून का होईना, पण नीट चालत होतं. म्हणजे पुढचे सेल बदलेपर्यंतच्या सगळ्या फोटोंत चूक सारखीच. एका फोटोची खरी वेळ कळली की अख्खा गठ्ठा जाग्यावर येतो. आणि तुमच्याकडे तर डायरी आहे, काका! समजा, २००५ च्या फोटोत पुलाच्या खांबावरच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ४३ फूट दिसतात, डायरीत ४३ फुटांपुढे दिवस आणि वेळ लिहिलीय. दोन्हींतला फरक काढा आणि तेवढं पुढे ढकला. पाणी चढताना ४३ आणि उतरतानाही ४३ असतं, एवढं तुम्हाला मी सांगायला नको.

मग निवड. एका बैठकीत एकच प्रसंग. पहिल्या फेरीत चांगला कोणता हे ठरवूच नका. डोळे मिटलेले, हललेले, खिशात कॅमेरा दाबला जाऊन निघालेले, एवढेच आल्ट आणि १ दाबून बाद करत चला. फोटोला दोन सेकंद, आठवणी नंतर. बाद म्हटलेला फोटो लगेच जात नाही, नुसती खूण होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांत ठेवायचे त्यांवर आल्ट आणि ३ दाबून खूण करा. सारखे दिसणारे पाच ग्रुप फोटो असतील तर ‘लाइट टेबल’वर दोन शेजारी-शेजारी घ्या. एक मोठा केला की दुसराही तेवढाच मोठा होतो, कुणाचे डोळे मिटलेत ते लगेच दिसतं. स्टुडिओत आम्ही कायम नवरीच्या आईकडे आधी बघायचो. नवरी सगळ्यांतच बरी दिसते, भांडायला येते ती आई.

ठेवलेल्या फोटोंवर नावं घाला. नुसतं ‘मामी’ नको, पूर्ण नाव आणि गाव. तुमच्या नातवाला मामी कोण, काय कळणार?

आणि पुलावरच्या फोटोंचं फोल्डर यातून वगळा. डुप्लिकेट शोधताना ते यादीत आलंच नाही पाहिजे. तोच पूल, तोच खांब, तेच गढूळ पाणी. सॉफ्टवेअर त्यांना ९५ टक्के सारखे म्हणेल आणि तासातासाच्या नोंदीतला एकच शिल्लक ठेवेल. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे तुमच्या खात्याचं गणित त्याला ठाऊक नाही. तिथे फोटोखाली फूट आणि वेळ लिहा. हलला असला तरी पट्टीवरचा आकडा वाचता येत असेल तर तो फोटो राहू द्या.